विमानाला घाबरणाऱ्यांनी एकत्र हँगर पाहावा का?

फोंडा परिसरातील एका ज्येष्ठ भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या आणि त्यांच्या ओळखीतील काही स्त्री-पुरुष, सगळे मिळून दहा-बारा जण, विमानप्रवासाला घाबरतात. मुंबईपर्यंत कोकणकन्येने जाता येते; पण लेक दुबईला, नातवाचा जन्मही तिथलाच, आणि तिकडे रेल्वे जात नाही. विमानांची देखभाल-दुरुस्ती जिथे होते तो हँगर सर्वांनी मिळून पाहिला तर भीती कमी होईल का, गोव्यात तशी सोय आहे का, आणि तिथे गेल्यावर नेमके काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे. विमान देखभाल अभियंता म्हणून माझे बहुतेक आयुष्य हँगरमध्ये गेले आणि घाबरणाऱ्या प्रवाशांना मी अनेकदा विमानाखालून फिरवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हँगर जरूर पाहावा. मात्र सगळ्यांची भीती एकसारखी नसते, हे गटाने आधी आपापसांत मोकळेपणाने बोलून घ्यावे. काहींना यंत्राचा भरवसा वाटत नाही. हवेत काही तुटले, बंद पडले, तर काय, हा त्यांचा प्रश्न असतो. काहींना दार बंद झाले की जीव गुदमरतो. आणि काहींना विमानाची नव्हे, तर स्वतःचीच धास्ती असते: सगळ्यांदेखत छातीत धडधडू लागेल, घाम फुटेल, ओरडावेसे वाटेल, आणि उतरून जाता येणार नाही. पहिल्या प्रकारच्या माणसांना हँगरचा फार मोठा उपयोग होतो. दुसऱ्यांना थोडा होतो, कारण दार उघडे असलेल्या, खाली जिना लावलेल्या केबिनमध्ये हवा तितका वेळ बसून बघता येते. तिसऱ्या प्रकारच्या माणसांनी अवश्य यावे, पण त्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्यांच्या भीतीवर चांगले उपचार उपलब्ध आहेत आणि ते काम अभियंत्याने अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जागेविषयी. दाबोळीचा विमानतळ हा नौदलाचा तळ आहे. तिथल्या हँगरमध्ये हौशी गटाला प्रवेश मिळेल ही अपेक्षाच ठेवू नये. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तो नागरी विमानतळ असला तरी धावपट्टीच्या बाजूच्या भागात जायला सुरक्षा यंत्रणेचा परवाना लागतो आणि तो केवळ पाहुण्यांच्या उत्सुकतेपोटी दिला जात नाही. शिवाय गोव्यात प्रवासी विमानांवर होणारे काम प्रामुख्याने दोन उड्डाणांच्या मधले आणि रात्रीच्या तपासणीचे असते. विमान पूर्ण उघडलेले पाहायचे असेल तर मुंबई, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू किंवा होसूर इथल्या मोठ्या देखभाल केंद्रांकडे वळावे लागेल. अशा केंद्राच्या प्रशिक्षण विभागाला गटाच्या नावाने पत्र लिहावे, त्यात हेतू प्रामाणिकपणे सांगावा, सर्वांची ओळखपत्रे आधी पाठवावीत आणि उत्तरासाठी महिना-दोन महिने वाट पाहण्याची तयारी ठेवावी. ते न जमल्यास विमान देखभालीचे शिक्षण देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांकडे विचारणा करावी. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यांच्याकडे विमाने आणि सुटी केलेली इंजिने असतात, आणि तिथे शिकवणारे बहुतेक जण हँगरमध्ये हात काळे केलेले असतात.

घराजवळची एक सोय मात्र सर्वांनी आधी वापरावी. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, ते १९९८ साली सुरू झाले. तिथे चार पिस्टन इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे आणि २०१६ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेले सी हॅरियर हे लढाऊ विमानही आहे. ज्यांनी विमान आजवर फक्त काचेआडून पाहिले त्यांनी पंखाखाली उभे राहणे, चाकाची उंची आपल्या कमरेशी मोजून बघणे, ही सुरुवात म्हणून पुरेशी आहे. एकच लक्षात ठेवावे: ती विमाने उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. त्यांचा उडालेला रंग पाहून उडत्या विमानाच्या प्रकृतीचा अंदाज बांधू नये.

खऱ्या हँगरविषयी सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे भीती वाढण्याची शक्यता असते आणि त्यासाठी मनाची तयारी करूनच जावे. घरून निघताना आपल्याला वाटते की चकचकीत, निर्दोष यंत्र पाहायला मिळेल. प्रत्यक्षात दिसते ते असे: विमान जॅकवर उचललेले, भोवती परांची बांधलेली, इंजिनाची झाकणे उघडी, केबिनमधील सीट आणि जमिनीचे पत्रे काढून ठेवलेले, तारांचे जुडगे लोंबणारे, पोटाखाली तेलाचे ओघळ, जागोजागी लाल फिती, आणि फळ्यावर दोषांची लांबलचक यादी. एकदा एक निवृत्त शिक्षिका ती यादी वाचता वाचता पांढऱ्याफटक पडल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे एवढं सगळं बिघडलेलं घेऊन हे विमान परवापर्यंत उडत होतं?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही.

उत्तर असे आहे की, हँगरची यादी ही शोधून काढलेल्या दोषांची यादी असते, आणि शोधायचे म्हणूनच विमान उघडलेले असते. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात, फळी फळी ठोकून बघतात, तेव्हा कमकुवत फळी सापडतेच. ती सापडावी म्हणून तर बोट वर काढलेली असते. विमानाचे तसेच आहे, फक्त वेळापत्रक फार काटेकोर. रोजची तपासणी वेगळी. काही महिन्यांनी येणारी 'ए' तपासणी वेगळी. साधारण दीड-दोन वर्षांनी येणारी 'सी' तपासणी विमानाला काही दिवस ते काही आठवडे जमिनीवर ठेवते. आणि गोव्याला येणाऱ्या एअरबस ए३२० जातीच्या विमानांच्या सांगाड्याची सखोल तपासणी साधारण सहाव्या आणि बाराव्या वर्षी होते. त्या यादीतील बहुसंख्य नोंदी सीटचा हात सैल, रंगाचा पोपडा, झाकणाचा रबरी पट्टा झिजलेला, अशा स्वरूपाच्या असतात. उरलेल्या गंभीर नोंदींविषयी विचारावे की, हा दोष किती पुढे गेला असता तर धोका झाला असता आणि तो त्याच्या किती आधी पकडला? तपासणीचे अंतर मुळात असे ठरवतात की, एखादी भेग दिसण्याजोगी झाल्यापासून ती घातक होईपर्यंत ती एकाहून अधिक वेळा नजरेखाली यावी. ज्या पाहुण्याला हे एक सूत्र कळले, त्याला मग उघडे विमान पाहताना पोटात गोळा येत नाही.

काही दोष असतानाही विमान उडते, हेही तिथे कळेल, आणि ते लपवू नये. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येते याची मान्यताप्राप्त यादी प्रत्येक विमान कंपनीकडे असते. बहुतेक दोषांना तीन दिवस किंवा दहा दिवस, काही किरकोळ दोषांना १२० दिवस अशी मुदत असते. मुदत संपली की विमान उभे राहते. ज्याच्याशिवाय सुरक्षितता राहत नाही अशा गोष्टीला त्या यादीत जागाच नसते.

आपण किनाऱ्यावरची माणसे, त्यामुळे गंजाविषयी थोडे अधिक सांगतो. घराच्या खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत कसे होतात हे आपण पाहतो, आणि त्यामुळे गोव्यातील पाहुण्यांचा हा प्रश्न ठरलेलाच असतो. विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो; तो लोखंडासारखा गंजत नाही, पण खारी, दमट हवा त्यालाही सोडत नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा साडेपाच मीटरच्या आसपासचा भाग सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला. ते विमान बेटाबेटांमध्ये छोटी उड्डाणे करत असे आणि त्याची जवळपास ९०,००० उड्डाणे झालेली होती. प्रत्येक उड्डाणात केबिनमधील आणि बाहेरच्या हवेच्या दाबातील फरक वाढतो, उतरताना कमी होतो आणि पत्रा तेवढ्यापुरता ताणला जातो. पत्र्यांचे चिकटवलेले जोड समुद्रहवेत सुटले होते, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि एकेका रिव्हेटच्या कडेला पडलेल्या बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या. केबिन कर्मचारी असलेल्या एका स्त्रीचा त्यात मृत्यू झाला. बाकी सर्वांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवले. त्यानंतर वयस्क विमानांच्या तपासणीचे नियम जगभर बदलले. आज हँगरमध्ये गेल्यावर रिव्हेटांच्या रांगेवरून पेन्सिलीएवढा शोधक फिरवणारा तंत्रज्ञ दिसला तर तिथे थांबावे. त्याच्या हातातील छोट्या पडद्यावर एक रेषा शांतपणे सरकत असते. मुद्दाम भेग पाडून ठेवलेल्या नमुन्याच्या पट्टीवर शोधक नेला की ती रेषा टुणकन उडी मारते. ती पट्टी आपल्या बोटांनी चाचपून पाहावी. भेग बोटाला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि उपकरणाला मात्र दिसते. मी भेट घडवून आणतो तेव्हा या एका जागी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण "डोळ्यांना न दिसणारे काहीतरी असेल" हीच पुष्कळांच्या भीतीची मुळाशी असलेली शंका असते.

यंत्राच्या खालोखाल, खरे तर त्याच्याही आधी, कागद पाहावेत. पाहुणे इंजिनाजवळ गर्दी करतात आणि टेबलावरील टास्क कार्डांच्या गठ्ठ्याकडे कुणी वळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. प्रत्येक कामाचे एक कार्ड असते. त्यावर कामाचा टप्पा, वापरलेल्या सुट्या भागाचा क्रमांक, बोल्ट किती जोराने आवळला त्याचा आकडा आणि करणाऱ्याची सही असते. उड्डाणाच्या नियंत्रणाशी संबंधित जोडणी असेल तर ज्याने काम केले नाही अशा दुसऱ्या माणसाने ती स्वतंत्रपणे तपासून सही करायची असते. सर्वांत शेवटी परवानाधारक अभियंता विमान सेवेस योग्य असल्याचे प्रमाणपत्र देतो. ती सही त्याच्या नावाची असते, कंपनीच्या शिक्क्याआड ती लपत नाही, आणि चुकीच्या सहीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्याचा परवाना काढून घेऊ शकते.

सहीला एवढे महत्त्व का, हे ज्या दोन घटनांतून समजते त्या मी पाहुण्यांना टाळाटाळ न करता सांगतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि तो वाचला. आदल्या दिवशी काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे लावले गेले होते; रात्रपाळीतील माणसाने भागांच्या सूचीत क्रमांक न पाहता जुन्या बोल्टशी जुळवून नवे घेतले होते. दुसरी घटना ५ जानेवारी २०२४ ची. अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या नव्या कोऱ्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानातून, वापरात नसलेल्या दाराच्या जागी बसवलेले झाकण उडाले. कारखान्यात ते काढून पुन्हा बसवताना चार बोल्ट लावायचे राहिले होते, आणि ते काढल्याची नोंदच कागदावर झालेली नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. दोन्ही वेळा सर्व माणसे वाचली आणि दोन्ही वेळा हुकलेली गोष्ट कागदावरची होती. म्हणून हँगरमध्ये हत्यारांचा फळा दिसला तर जवळ जाऊन पाहावा: प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवलेली असते, पाना उचलला की तिथे ज्याने घेतला त्याचे टोकन लागते, आणि पाळी संपताना एक जरी आकृती रिकामी राहिली तरी तो पाना सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. माझ्या स्वतःच्या पाळीत एका हरवलेल्या टॉर्चसाठी सर्वांनी मिळून उघडलेले पत्रे पहाटेपर्यंत पुन्हा धुंडाळलेले मला आठवते. टॉर्च सापडली, आणि उशीर का झाला हे वर बसलेल्या प्रवाशांना कधी कळलेही नाही.

मग यंत्राकडे वळावे, आणि तिथे आपल्याला प्रवासात ज्याची धास्ती वाटते तीच गोष्ट दाखवायला सांगावी. पंख हलतात याची भीती वाटत असेल तर पंखाच्या टोकाखाली उभे राहून ते का लवचीक ठेवले आहेत हे विचारावे. सेवाकाळात येऊ शकेल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पंखाने सोसला पाहिजे, असा नियम आहे. २०१० साली बोइंग ७८७ च्या चाचणीत पंख त्या भाराखाली सुमारे साडेसात मीटर वर वाकवले गेले आणि तुटले नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या अलीकडे ढगांत विमान हादरते तेव्हा पंखावर येणारा भार त्याच्या जवळपासही जात नाही. तरीही फार जोराचा हादरा बसला तर वैमानिक तशी नोंद करतो आणि विशेष तपासणी झाल्याशिवाय विमान पुढे जात नाही. दार कुणी हवेत उघडेल अशी भीती असणाऱ्यांनी दाराच्या चौकटीवरचे जाड धातूचे थांबे हाताने चाचपावेत. उंचीवर आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरकामुळे दार त्या थांब्यांवर आठ टनांच्या आसपास भाराने दाबले गेलेले असते आणि कुठल्याही माणसाच्या बळाने ते हलत नाही.

आवाजांविषयी जरूर विचारावे. ए३२० मध्ये दुसरे इंजिन सुरू होण्याच्या वेळी किंवा उतरल्यानंतर पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा, थांबून थांबून येणारा जो आवाज असतो, त्याने मी धडधाकट माणसांना खुर्चीचे हात घट्ट धरताना पाहिले आहे. त्या विमानात हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबावर भाग हलवणाऱ्या, तीन स्वतंत्र प्रणाली असतात आणि त्यांना रंगांची नावे आहेत. हिरव्या आणि पिवळ्या प्रणालींतील दाबात ठरावीक फरक पडला की एका प्रणालीच्या जोरावर दुसरीचा दाब भरून काढणारे एक यंत्र आपोआप सुरू होते, त्याचा तो आवाज. चाकांच्या पोकळीत उभे राहून ते यंत्र बोटाने दाखवून घ्यावे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली बसल्यासारखे वाटते, तेव्हाही काही बंद पडलेले नसते. उड्डाणाचा जास्तीचा जोर कमी करून चढाईचा जोर लावलेला असतो.

गट दहा-बारा जणांचाच ठेवावा. त्याहून मोठ्या गटात मागच्यांना ऐकू जात नाही आणि घाबरलेला माणूस "ऐकू आले नाही" असे पुन्हा विचारत नाही. दाखवणारा माणूस प्रत्यक्ष काम करणारा अभियंता असावा, जनसंपर्क विभागाचा नसावा. प्रश्न घरीच कागदावर लिहून न्यावेत आणि ते कितीही बाळबोध वाटले तरी विचारावेत. गटात थट्टेखोर नातेवाईक नको. एकाच्या "बघ हं, हा बोल्ट सैल आहे" या विनोदाने दुसऱ्याचा सगळा दिवस वाया जातो. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघाताविषयी कुणी विचारील, विचारावेच. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला हे सगळ्यांच्या मनात आहे. अशा वेळी दाखवणाऱ्याने तपास अहवालात जे लिहिले आहे तेवढेच सांगावे, स्वतःचे तर्क सांगू नयेत, आणि आकडेवारीने तोंड बंद करू नये. घाबरलेल्या माणसाला शक्यतेचे आकडे ऐकवले की त्याला वाटते, आपले म्हणणे कुणी ऐकलेच नाही.

शेवटची गोष्ट तिकिटाची. युरोपातील विमान कंपन्या घाबरणाऱ्यांसाठी जे वर्ग चालवतात त्यांत माहितीनंतर बहुधा एक छोटे उड्डाण असते, आणि ते योग्यच आहे. हँगर पाहून आलेला माणूस सहा महिने उडला नाही तर पाहिलेले विरून जाते आणि भीती पूर्वीच्या जागी येऊन बसते. म्हणून मी असे सुचवीन की, बेंगळुरू किंवा होसूरकडची भेट ठरली तर फोंड्याहून जाताना रात्रीच्या बसने जावे आणि दुसऱ्या दिवशी परत येताना गोव्याचे विमान घ्यावे. प्रवास तासा-सव्वा तासाचा आहे. महिना डिसेंबर-जानेवारीचा निवडावा, वेळ सकाळची, आणि जागा पंखाच्या आसपासची, कारण हादरे तिथे कमी जाणवतात आणि आदल्या दिवशी पाहिलेले भाग हलताना दिसतात. धीर यावा म्हणून मद्य घेऊ नये. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण बधिर मनाने केलेल्या प्रवासातून मनाला काही शिकायला मिळत नाही. ज्यांची तयारी झाली नसेल त्यांनी बसने परतावे, त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय आदल्या रात्री, मुक्कामाच्या ठिकाणी, प्रत्येकाने स्वतःपुरता घ्यावा आणि सोबतीला गटातील एकाला ठेवावे. विमानतळाच्या दारात एकाने पाय मागे घेतला की त्याच्यामागे आणखी तिघे-चौघे मागे फिरतात.

दुबईचे तिकीट त्यानंतर महिन्याभरातले काढावे.